डावा पाय गळतो

आधी वाटलं, धुकं असेल.
आचाओत ओलं काय नसतं?
दोऱ्या, भिंतींची फळकुटं, माझी टपालाची थैली.
मग उतारावर ब्रेक दाबला
आणि गाडी, थांबावं की नाही याचा विचार करत,
दोन्या नोल्फाच्या कुंपणाला जाऊन टेकली.
पुढच्या फोर्कच्या डाव्या पायातून
तेल थेट डिस्कवर उतरलं होतं.

आधी फुकटचा उपाय.
मामा ओळखपत्रांचे फोटो काढायचा,
एक पांढरी चादर घेऊन बोटीनं बेटं फिरायचा.
त्याच्या खोक्यातली निगेटिव्हची एक पट्टी घेतली,
टोकाला कात्रीनं आकडा कापला,
सीलच्या ओठाखाली सरकवून गोल फिरवला,
दातातलं अडकलेलं काढावं तसा.
चिमूटभर रस्ता बाहेर आला,
काळा, खरखरीत, मिठाचा.
पट्टी पुसून खिडकीशी धरली:
चार चेहरे. काळे दात, पांढरे केस.
तिसरी नोल्फा. विशीतली.

दोन दिवस कोरडे गेले.
तिसऱ्या दिवशी नळीवर पुन्हा तेलाची अंगठी.

मग रविवारी गाडी स्वयंपाकघरात,
सफरचंदांच्या दोन पेट्यांवर, चाकाविना, लाजल्यासारखी.
एलेउतेरिओ आला. तो नावा बांधतो,
त्याला गळणं कळतं, रबर कळत नाही.
खालचा बोल्ट नुसताच फिरत राहिला,
तेव्हा त्यानं झाडूचा दांडा तासून
नळीत आतून दाबून धरला,
आणि बोल्ट निमूट आला.
तेल ओतलं. राखाडी, कुजकट.
चुलीजवळचं मांजर उठून गेलं.

जुनं सील निघेना.
किटलीतलं कढत पाणी, टायरचा पाना, मग एक शिवी.
निघालं तेव्हा हातात काय, तर एक कडक, तडकलेलं वर्तुळ.
एवढ्याशा ओठावर अकरा वर्षं
सगळ्या बेटाचे खड्डे तोलले.

"उजवा गळत नाही," मी म्हणाले.
"नावेची एक फळी बदलली की शेजारची रुसते," तो म्हणाला.
उजवाही उघडला.

नळीच्या धारेवर पावाची पिशवी चढवली,
नव्या सीलच्या ओठाला ओरखडा नको म्हणून.
तेलाचं बोट फिरवून सील खाली उतरवलं.
वरून प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, वर हातोडी:
ठप. ठप. ठप.
"ऐकत राहा," एलेउतेरिओ म्हणाला,
"बसलं की आवाज बदलेल."
ठप. ठप.
टण.

नवं तेल मापून भरलं,
दोन्ही पायांत सारखं, डोळ्यांत घालायला उरलं नाही.
कदाचित म्हणूनच,
सगळं आवळून, चाक चढवून,
हात धुऊन चिचाचे ग्लास भरले
तेव्हा टेबलावर दिसली
तारेची एक कडी. नवी, चकचकीत,
सीलला जागेवर धरून ठेवणारी.
कुणीच काही बोललं नाही.
एलेउतेरिओनं ग्लास संपवला
आणि पाना उचलला.

सोमवारी गाडी उतारावर
सांगितल्या जागी थांबली.
नोल्फाला पेन्शनचं पाकीट दिलं, पट्टीही दिली.
तिनं ती दिव्यासमोर धरली.
"केस तेव्हाच पिकले होते की," हसली.
मग चौथ्या चेहऱ्यावर थांबली,
ज्याचा खांदा माझ्या कात्रीनं नेला होता.
मी म्हटलं, माफ करा, सील साफ करायचं होतं.
कोण तो, तिनं सांगितलं नाही.
"झालं का साफ?" एवढंच विचारलं.
नाही, म्हटलं. शेवटी बदलावंच लागलं.

पट्टी तिनं पेन्शनच्या पाकिटात ठेवली.
मी निघण्याआधी खाली वाकून
डाव्या नळीवर बोट फिरवलं.
मग उजव्याही.